ब्लॅकबर्न रोव्हर्स, पुण्याचे मालक आणि ‘क्लब विका’ आंदोलन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लिश फुटबॉल पाहणाऱ्या मराठी वाचकांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. बहुतेकांची सुरुवात एका पुणेरी नावापासून होते आणि मग गाडी लिव्हरपूल, मँचेस्टर, ब्लॅकपूलपर्यंत जाते. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. वेंकीज म्हणजे आपले पुण्याचे चिकनवालेच ना? त्यांचा खरंच इंग्लंडमध्ये क्लब आहे?

हो, तेच. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज समूहाचं मुख्यालय पुण्यात आहे. अंड्यांचे भाव जाहीर करणारी एनईसीसी, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही, राव यांच्याच पुढाकारातून उभी राहिली. त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे वेंकटेश राव व बालाजी राव यांच्या हाती आज समूहाची सूत्रं आहेत. नोव्हेंबर २०१० मध्ये या समूहाने ‘वेंकीज लंडन लिमिटेड’ या कंपनीमार्फत ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. किंमत होती सुमारे २ कोटी ३० लाख पौंड, शिवाय क्लबवरचं कर्जही त्यांच्याकडे आलं. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीतल्या क्लबची मालकी भारतीय कंपनीकडे येण्याची ती पहिलीच वेळ.

२. ब्लॅकबर्न असा केवढा क्लब आहे, की त्याच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं भांडावं?

गाव लहान आहे. लँकशायरमधलं, एके काळी कापड गिरण्यांवर जगलेलं, लाख-सव्वा लाख वस्तीचं. पण क्लब १८७५ चा. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. एफए कप सहा वेळा आणि लीगचं विजेतेपद तीन वेळा त्याच्या नावावर आहे. तिसरं विजेतेपद १९९५ चं. गावातच पोलादाच्या व्यवसायात मोठे झालेले जॅक वॉकर यांनी आपला पैसा क्लबमध्ये ओतला, इवुड पार्क हे घरचं मैदान नव्याने बांधलं, केनी डॅल्ग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणलं आणि ॲलन शिअररच्या ३४ गोलांच्या जोरावर प्रीमियर लीग जिंकली. ही लीग आजवर फक्त सात क्लबांना जिंकता आली आहे. त्या सातांत ब्लॅकबर्न आहे.

वॉकर २००० मध्ये गेले. इथल्या चाहत्यांना मालक म्हणजे काय असतो, हे त्यांच्यामुळे माहीत आहे: गावातला, सामन्याला हजर राहणारा, रस्त्यात भेटणारा. पुढच्या प्रत्येक मालकाला याच मापाने मोजलं गेलं. हे कठोर असेल, पण नैसर्गिक आहे.

३. सुरुवातीला लोक खूश होते म्हणतात. मग बिघडलं कुठे?

आशा नक्कीच होती. वॉकर कुटुंबाचा ट्रस्ट बरीच वर्षं गिऱ्हाईक शोधत होता आणि नवे मालक सधन होते. पण महिनाही उलटला नव्हता तोच, १३ डिसेंबर २०१० ला व्यवस्थापक सॅम ॲलरडाइस यांना काढून टाकलं. संघ तेव्हा तालिकेत तेरावा होता, म्हणजे संकट असं काही नव्हतं. त्यांच्या जागी प्रशिक्षक ताफ्यातले स्टीव्ह कीन आले. मुख्य व्यवस्थापक म्हणून त्यांचा काहीच अनुभव नव्हता. फेब्रुवारी २०११ मध्ये अनेक वर्षं क्लब सांभाळणारे अध्यक्ष जॉन विल्यम्सही बाहेर पडले. जुनी जाणती माणसं दोन-तीन महिन्यांत गेली. माझ्या मते खरा घाव तोच. पुढचं सगळं त्यातून आलं.

त्यानंतर खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये चिकन खायला लावणारी जाहिरात आली. ऑक्टोबर २०११ मध्ये, संघ तळाशी धडपडत असताना, त्याला पुण्यात बालेवाडीला पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना खेळायला आणलं. आपल्याकडच्या प्रेक्षकांसाठी तो आनंदाचा दिवस होता. ब्लॅकबर्नमध्ये मात्र ‘यांना क्लब कशासाठी हवा आहे?’ हा प्रश्न तेव्हापासून पक्का झाला. २० डिसेंबरला बोल्टनविरुद्ध घरच्या मैदानावर हरल्यावर अख्खं स्टेडियम कीन यांच्याविरुद्ध ओरडत होतं. ७ मे २०१२ ला विगनकडून पराभव झाला आणि संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला. त्या सामन्यात कुणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली होती. त्यानंतर रोव्हर्स आजवर प्रीमियर लीगमध्ये परतलेला नाही.

पुढच्या एका हंगामात व्यवस्थापकांची रांग लागली. हेनिंग बर्ग यांना तीन वर्षांचा करार देऊन ५७ दिवसांत काढलं. ते न्यायालयात गेले आणि क्लबवर साडेबावीस लाख पौंड देण्याची वेळ आली. त्यांच्या जागी आलेले मायकेल ॲपलटन ६७ दिवस टिकले. २०१७ मध्ये क्लब आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या श्रेणीत गेला. टोनी मोब्रे यांनी पुढच्याच वर्षी त्याला परत वर, चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीत आणलं.

४. मालक दरवर्षी स्वतःच्या खिशातून तोटा भरतात. मग तक्रार कसली? पुण्याच्या पैशावर क्लब चालतो आणि वर शिव्याही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि रागाने येतो. त्यातला पहिला भाग खरा आहे, तो आधी मान्य करायला हवा. क्लबचा तोटा वर्षाला दीड-दोन कोटी पौंडांच्या घरात राहिला आहे आणि तो मालकांनीच भरला आहे. आजवरची रक्कम २० कोटी पौंडांच्या वर गेली आहे. त्यांनी क्लबमधून नफा काढून नेलेला नाही. चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीत जवळपास सगळेच क्लब तोट्यात असतात. त्यामुळे मालकाने हात आखडला तर पगारही निघत नाहीत. आंदोलन करणाऱ्यांपैकी समंजस माणसं हे नाकारत नाहीत.

तक्रार आहे ती अनुपस्थितीची. वाड्याचा मालक घरपट्टी वेळेवर भरतो, पण गळणारं छप्पर बघायला कधी येत नाही, निरोपाला उत्तर देत नाही आणि वाडा विकतही नाही. तसं हे आहे. मालक इवुड पार्कवर क्वचितच दिसतात, चाहत्यांशी समोरासमोर बोलत नाहीत आणि पुढच्या पाच वर्षांत क्लबचं काय करायचं आहे, हे त्यांनी कधी नीट सांगितलेलं नाही. निर्णय पुण्यात अडकतात आणि त्याची किंमत मैदानावर मोजावी लागते.

ठोस उदाहरणं बघा. जानेवारी २०२३ मध्ये संघ वर चढण्याच्या शर्यतीत असताना लुइस ओब्रायनला घेण्याचा व्यवहार फसला, कारण कागदपत्रं मुदतीत पोचली नाहीत. पुढच्याच वर्षी अमेरिकन आघाडीवीर डंकन मॅग्वायरचा व्यवहारही कागदपत्रांच्याच चुकीने बारगळला. त्याच सुमारास क्लबच्या अकादमीत लहानाचा मोठा झालेला ॲडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला विकला गेला. चॅम्पियनशिपमध्ये २७ गोल मारून सगळ्यांच्या पुढे राहिलेला सॅमी स्मॉडिक्स २०२४ च्या उन्हाळ्यात इप्सविचला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ प्ले-ऑफच्या, म्हणजे वर चढण्यासाठीच्या बाद फेरीच्या जागांवर असताना व्यवस्थापक जॉन युस्टेस सोडून गेले, आणि तेही तालिकेत खूप खाली असलेल्या डर्बीला. वरच्या क्लबचा व्यवस्थापक खालच्या क्लबला जातो, तेव्हा कारण पगाराच्या आकड्यापेक्षा खोल असतं. तो हंगाम रोव्हर्सने सातव्या क्रमांकावर संपवला. प्ले-ऑफसाठी त्या हंगामात सहावा तरी हवा होता.

आणि मे २०२५ मध्ये महिला संघाला दुसऱ्या श्रेणीतून माघार घ्यायला लावली, कारण त्या श्रेणीच्या परवान्यासाठी लागणारा खर्च करायचा नव्हता. पुरुष संघाच्या तोट्यापुढे ही रक्कम किरकोळ. मुलींनी कमावलेली जागा अशी सोडून देणं मला सगळ्यांत जास्त लागलं.

५. पैसे पाठवायला दिल्लीच्या न्यायालयाची परवानगी लागते, हे खरं का?

२०२३ पासून लागली. परकीय चलनाच्या नियमांवरून अंमलबजावणी संचालनालयाची, म्हणजे ईडीची चौकशी सुरू असल्यामुळे समूहाला क्लबकडे पैसे वळवताना दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. न्यायालयाने बँक गॅरंटीच्या अटीवर ठरावीक रकमा पाठवू दिल्या. चौकशी म्हणजे दोष सिद्ध होणं नव्हे, हे लक्षात ठेवा. चाहत्यांचा मुद्दा वेगळाच आहे: लँकशायरमधल्या क्लबचा उन्हाळी खरेदीचा हिशेब दिल्लीतल्या सुनावणीच्या तारखेवर अवलंबून असेल, तर संघबांधणी करायची कशी?

६. चाहते नेमकं करतात काय?

मोर्चे, फलक, घोषणा हे तर आहेच. २०१६ मध्ये एक कल्पक प्रकार झाला. क्लबच्या स्थापनेचं साल १८७५, म्हणून लोकांनी १८ व्या मिनिटाला आत यायचं आणि ७५ व्या मिनिटाला उठून जायचं. मधल्या काळात संघाला पाठिंबा, आधी-नंतर रिकाम्या खुर्च्या. सभासदांची संस्था असलेला रोव्हर्स ट्रस्ट पत्रं, बैठका, नियामकांकडे पाठपुरावा या बाजूने काम करतो.

सगळ्यांत मोठं आंदोलन मात्र कुणीही न पुकारलेलं आहे. विक्रीच्या सुमारास घरच्या सामन्याला सरासरी २५ हजार लोक येत. २०१६-१७ मध्ये ही सरासरी १३ हजारांच्या खाली गेली. ३१ हजारांचं मैदान निम्म्याहून जास्त रिकामं.

मैदानात घुसण्याबद्दल बरेच जण विचारतात. इंग्लंडमध्ये १९९१ च्या कायद्यानुसार विनापरवाना खेळपट्टीवर जाणं हा गुन्हा आहे. पकडलेल्याला अनेक वर्षं स्टेडियमबंदी होऊ शकते आणि क्लबवरही कारवाई होते. ज्याने कधी सामना चुकवला नाही, त्याच्यासाठी ती शिक्षा फार मोठी आहे.

७. तिकीट नाही घेतलं तर तोटा क्लबचाच. मग बहिष्काराला अर्थ काय?

यावर चाहत्यांमध्येच कडाक्याचे वाद आहेत, घराघरांत आहेत. दोन्ही बाजू समजण्यासारख्या आहेत. बहिष्काराचं सगळ्यांत चांगलं उदाहरण ब्लॅकबर्नपासून तासाभराच्या अंतरावर, ब्लॅकपूलमध्ये आहे.

तिथे ओइस्टन कुटुंबाची मालकी होती. २०१० मध्ये संघ एका हंगामासाठी प्रीमियर लीगमध्ये गेला, पैसा आला, पण तो संघावर खर्च झालेला दिसला नाही. उलट टीका करणाऱ्या चाहत्यांवर मालकांनी दावे लावले. लोकांनी ‘आता एक पेनीही नाही’ असं ठरवून येणं थांबवलं. एक सामना दोन सामने नव्हे, वर्षानुवर्षं. संघ चौथ्या श्रेणीत गेला, तरी लोक बाहेरच. नोव्हेंबर २०१७ मध्ये सहमालक व्हालेरी बेलोकॉन यांच्या दाव्यात न्यायालयाने ओइस्टन यांना ३ कोटी १० लाख पौंडांहून जास्त रक्कम देण्याचा आदेश दिला. ती वेळेत न भरल्याने फेब्रुवारी २०१९ मध्ये न्यायालयाने रिसीव्हर, म्हणजे मालमत्तेचा ताबा घेणारा अधिकारी, नेमला आणि ओइस्टन बाहेर गेले. ९ मार्च २०१९ च्या सामन्याला १५,८७१ लोक परत आले. जूनमध्ये ब्लॅकपूलचाच चाहता असलेल्या सायमन सॅडलर यांनी क्लब घेतला.

आता प्रामाणिकपणे बघा: मालक हटले ते न्यायालयाच्या आदेशाने, बहिष्काराने नव्हे. पण बहिष्कारामुळे क्लब मालकाला फायद्याचा राहिला नाही आणि गावाचं म्हणणं देशभर पोचलं. ब्लॅकबर्नमध्ये अडचण अशी की इथले मालक तिकिटांच्या पैशावर जगतच नाहीत (प्रश्न ४). दोन कोटींचा तोटा भरणाऱ्याला आणखी दहा-वीस लाख पौंडांनी फारसा फरक पडत नाही. म्हणून इथे नुसता बहिष्कार पुरेल असं मला वाटत नाही.

८. आंदोलनामुळे मालकाने खरंच क्लब विकला, असं झालंय का?

झालंय, आणि जिथे झालंय तिथे लोकांनी मालकाच्या पैशाची नस पकडली होती.

लिव्हरपूल बघा. २००७ मध्ये टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट यांनी रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या कर्जावर क्लब घेतला. २००८ मध्ये ‘स्पिरिट ऑफ शँकली’ ही चाहत्यांची संघटना उभी राहिली. तिने मोर्चे तर काढलेच. पण हिक्स नवीन कर्ज शोधू लागले, तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी त्या त्या बँकांना आणि गुंतवणूक कंपन्यांना ईमेलचा भडिमार केला: या माणसाला पैसे देऊ नका. ऑक्टोबर २०१० मध्ये जुन्या कर्जाची मुदत संपत आली, नवीन कर्ज मिळालं नाही, संचालक मंडळाने मालकांच्या विरोधात जाऊन विक्री ठरवली आणि लंडनच्या उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. ३० कोटी पौंडांना क्लब आजच्या मालकांकडे गेला.

रेडिंगमध्ये चीनचे दाई योंगे मालक होते. पगार रखडले, गुण कापले गेले. चाहत्यांनी टेनिस बॉल मैदानात टाकले, जानेवारी २०२४ मध्ये पोर्ट व्हेलविरुद्धचा सामना खेळपट्टीवर उतरून बंद पाडला आणि लीगकडे सतत दाद मागितली. २०२५ मध्ये लीगने दाई यांना मालक म्हणून अपात्र ठरवलं आणि मे महिन्यात विक्री झाली.

कर्ज देणारी बँक, लीग, न्यायालय: दडपण या तिसऱ्याच दारातून आलं. ज्या मालकावर बँकेचं कर्ज नाही, जो पगार वेळेवर देतो आणि ज्याला विकायचंच नाही, त्याच्यापुढे हे दार सापडत नाही. ब्लॅकबर्नचं दुखणं हेच आहे.

९. मँचेस्टर युनायटेडच्या ग्लेझरांचं आणि वेंकीजचं प्रकरण एकच का?

नाही, जवळजवळ उलटं आहे. माल्कम ग्लेझर यांनी २००५ मध्ये सुमारे ७९ कोटी पौंडांना युनायटेड घेतला. त्यातलं बरंच कर्ज होतं आणि त्याचा बोजा क्लबवरच पडला. तोवर क्लब कर्जमुक्त होता. वेंकीज क्लबमध्ये पैसे घालतात, ग्लेझरांच्या काळात क्लबचे पैसे व्याजात आणि लाभांशात गेले.

विरोध तिथेही थकलेला नाही. २००५ मध्ये काही चाहत्यांनी एफसी युनायटेड हा स्वतःच्या मालकीचा नवा क्लबच काढला. २०१० मध्ये क्लबचं नाव न्यूटन हीथ होतं त्या काळच्या रंगांचे हिरवे-सोनेरी मफलर सगळीकडे दिसू लागले. २ मे २०२१ ला, युरोपातल्या बड्या क्लबांच्या वेगळ्या ‘सुपर लीग’च्या घोषणेनंतर दोन आठवड्यांत, लोक ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. पण युनायटेड पैसे मिळवतो, तिकिटं विकली जातात आणि न्यूयॉर्कच्या बाजारात आलेल्या शेअर रचनेत कुटुंबाच्या शेअरना दहापट मतं आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी सुमारे २७.७ टक्के हिस्सा घेतला, तरी बहुमत ग्लेझरांकडेच राहिलं.

१०. सरकार मालकाला हटवू शकत नाही का?

आता काही प्रमाणात शकतं. सुपर लीगच्या गोंधळानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशींतून फुटबॉल गव्हर्नन्स ॲक्ट आला आणि २१ जुलै २०२५ ला त्यावर राजाची मोहोर उठली. त्याखाली स्वतंत्र नियामक आहे. क्लबांना त्याचा परवाना लागणार, ठरावीक बाबतींत चाहत्यांशी सल्लामसलत करावी लागणार आणि अयोग्य ठरलेल्या मालकाला शेवटचा उपाय म्हणून बाहेर काढण्याचा अधिकारही नियामकाला आहे.

पण ‘अयोग्य’ आणि ‘नावडता’ यांत फरक आहे. कामात ढिलाई, मौन, चुकीच्या नेमणुका यांसाठी मालकी काढून घेतली जाणार नाही. चाहत्यांशी बोलणं टाळणं मात्र पूर्वीइतकं सोपं राहणार नाही, आणि ब्लॅकबर्नसाठी तेवढंही मोलाचं आहे.

११. हे गेले आणि यांच्याहून वाईट आले तर?

भीती खरी आहे. शेजारचाच बरी क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढून टाकला गेला. १३४ वर्षांचा क्लब. शेफील्ड वेन्सडेच्या चाहत्यांनी थाई मालकाविरुद्ध ऑक्टोबर २०२५ मध्ये घरच्या सामन्यावर बहिष्कार टाकला. त्याच आठवड्यात क्लब दिवाळखोरीत निघून प्रशासकाच्या हाती गेला. मालकापासून सुटका झाली, पण बारा गुणही गेले.

उलट उदाहरणही लँकशायरमध्येच आहे. बुडत चाललेला मोरकॅम ऑगस्ट २०२५ मध्ये ‘पंजाब वॉरियर्स’ या गटाने घेतला आणि वाचवला. म्हणून शहाणे चाहते नुसतं ‘चालते व्हा’ म्हणत नाहीत. ‘योग्य माणसाला, वाजवी किमतीत विका आणि तोवर क्लब नीट चालवा’ अशी मागणी करतात.

१२. क्लब विकला तर मालकांनी घातलेल्या पैशाचं काय?

बहुतेक बुडीत धरावे लागतील. बराचसा पैसा भागभांडवलात गेला आहे, आणि चॅम्पियनशिपमधला तोट्यातला क्लब घेणारा २० कोटी परत देणार नाही. विक्री अडण्याचं हे एक कारण असू शकतं. पण थांबल्याने रक्कम दरवर्षी वाढतेच आहे.

१३. मालक भारतीय आहेत म्हणून हा विरोध आहे का?

कुणा एखाद्याच्या तोंडून घाणेरडं काही निघालं नसेल, असं मी म्हणणार नाही. पण चळवळ त्यावर उभी नाही. ब्लॅकबर्न हे मोठ्या दक्षिण आशियाई वस्तीचं गाव आहे. गुजरातेतून गिरण्यांत कामाला आलेल्यांची तिसरी-चौथी पिढी तिथे राहते. आणि इंग्लंडमध्ये अमेरिकन, चिनी, थाई आणि खुद्द इंग्लिश मालकांविरुद्ध झालेली आंदोलनं वर दिलीच आहेत (प्रश्न ७, ८, ९, ११). वंशाचं कारण पुढे करून तक्रारीच झटकून टाकणं बरोबर नाही.

१४. माझ्याकडे वेंकीजचे शेअर आहेत. वार्षिक सभेत क्लबबद्दल विचारता येईल का?

बाजारात नोंदलेली कंपनी आहे वेंकीज (इंडिया) लिमिटेड. क्लबची मालकी तिच्याकडे नाही. ‘वेंकीज लंडन’ची मूळ कंपनी आहे वेंकटेश्वरा हॅचरीज प्रायव्हेट लिमिटेड, आणि ती खासगी आहे. त्यामुळे शेअरधारक म्हणून क्लबच्या हिशेबावर तुमचा हक्क पोचत नाही. क्लबचे वार्षिक हिशेब हवे असतील, तर ते इंग्लंडच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

१५. आम्ही पुण्यात आहोत. इथून काही करता येईल का?

येईल, आणि ब्लॅकबर्नच्या लोकांना त्याचं अप्रूप आहे. मालकांच्या शहरात आपल्या क्लबकडे कुणाचं लक्ष आहे, हेच त्यांना कित्येक वर्षं वाटत नव्हतं.

कुणाच्या घरासमोर जाऊ नका आणि हॅचरीच्या कामगारांना त्रास देऊ नका. त्यांचा या निर्णयांशी संबंध नाही. चिकन न घेण्यानेही काही साधत नाही. समूहाच्या उलाढालीत तो आकडा दिसणारसुद्धा नाही. त्यापेक्षा मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा संपादकांना लिहा. पुण्याच्या कंपनीने घेतलेला इंग्लिश क्लब ही पुण्याची बातमी आहे. समूहाला साध्या, सभ्य भाषेत पत्र लिहून दोनच गोष्टी मागा: चाहत्यांच्या प्रतिनिधींशी एक प्रत्यक्ष बैठक, आणि क्लब ठेवायचा की विकायचा याचं जाहीर उत्तर. आणि सामने बघा. क्लबच्या अधिकृत प्रक्षेपणाचे पैसे क्लबच्या खात्यात जातात. बहिष्कार सुरू असेल तर रोव्हर्स ट्रस्ट त्या आठवड्यात काय म्हणतोय ते आधी वाचा, आणि त्यांच्याबरोबर राहा.